फ्लाइट सिम्युलेटर ५.१ साठी घरी केलेला योक आणि पेडल : प्रकल्प नोंदी

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर ५.१ ही १९९५ सालची, डॉसवर चालणारी शेवटची आवृत्ती. आज कुणी ती पुन्हा लावली की पहिली तक्रार एकच असते: विमान खोटं वाटतं, खेळण्यासारखं डुलतं. यातला बराच दोष खेळाचा नसून हातातल्या जॉयस्टिकचा आहे. चार सेंटिमीटर हलणाऱ्या काडीवर सेसना १८२ आरजी उडवलं तर ते डुलणारच. म्हणून योक (विमानाचं हँडल), थ्रॉटल आणि रडर पेडल करून, जुन्या पंधरा पिनी गेमपोर्टवर (साउंड कार्डावरचं जॉयस्टिक जोडायचं तोंड) जोडून, मग खेळाचा खरेपणा तपासायचा असं ठरवलं. मशीन ४८६ डीएक्स२-६६, ८ एमबी रॅम, आयएसए साउंड कार्ड.

८ जून २०२४ : आधी गणित

गेमपोर्टला चार अक्ष आणि चार बटणं मिळतात, त्याहून जास्त नाही. चारही अक्ष वाटून टाकले: एलरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणं), एलिव्हेटर (नाक वर-खाली), थ्रॉटल (इंजिनाचा जोर), रडर (नाक डावी-उजवीकडे). प्रॉपेलर आणि मिक्श्चर (इंधन-हवेचं प्रमाण) कीबोर्डवरच राहणार. पायाच्या ब्रेकलाही अक्ष उरत नाही, ते एका बटणावर.

हा पोर्ट व्होल्टेज मोजत नाही, वेळ मोजतो. पॉटच्या (पोटेन्शिओमीटर, दांडा फिरवला की ज्याचा रोध बदलतो) रोधातून कार्डावरचा ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर भरायला किती वेळ लागला, एवढंच तो पाहतो. सूत्र असं: वेळ = २४.२ + ०.०११ × रोध. वेळ मायक्रोसेकंदात, रोध ओहममध्ये. शून्य ओहमला २४, ५० किलोओहमला ५७४, १०० किलोओहमला ११२४ मायक्रोसेकंद. पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका हे सूत्र विसरल्यामुळे झाल्या, म्हणून ते भिंतीवर लिहून ठेवा.

पॉटच्या तीनपैकी दोनच पिना लागतात: एक टोक +५ व्होल्टला, मधली पिन अक्षाच्या पिनला. दिशा ठरलेली आहे. योक डावीकडे वळवला आणि पुढे ढकलला की रोध कमी व्हायला हवा. उलटं झालं तर दुसरं टोक वापरायचं.

१५ जून : खरेदी, आणि दोन चुकीच्या वस्तू

पुण्यात तपकीर गल्लीत सगळं इलेक्ट्रॉनिक सामान एका फेरीत मिळालं. १०० किलोओहमचे पॉट चार, २५ रुपयांना एक. घरी येऊन मल्टिमीटर लावला तर दांडा बरोबर मध्यावर असताना ५० च्या जागी १४ किलोओहम. पॉटवर छापलं होतं ए १००के. ‘ए’ म्हणजे लॉगरिदमिक, आवाज कमी-जास्त करायला लागतो तो. आपल्याला ‘बी’ हवा. ‘ए’ लावला तर योकच्या एका बाजूला विमान हलत नाही आणि दुसऱ्या बाजूला कोलांटी मारतं. मागताना ‘लिनियर’ म्हणा आणि दुकानातच मध्यावर मोजून घ्या. शंभर रुपये गेले.

दुसरी चूक कनेक्टरची. ‘पंधरा पिनचा मेल’ एवढंच मागितल्यावर व्हीजीएचा मिळाला. तो तीन ओळींचा, दाट पिनांचा. गेमपोर्टचा रुंद असतो, दोन ओळी, वर आठ आणि खाली सात. पिनांची संख्या सांगून भागत नाही, ‘दोन ओळींचा’ म्हणायचं. साठ रुपये आणि पुन्हा एक फेरी.

२२ जून : योकचा सांगाडा

१२ मिमी प्लायची पेटी. योकचा दांडा १५ मिमीचा ब्राइट बार, दीड फूट. त्याला ६२०२ बेअरिंग दोन: आतून १५, बाहेरून ३५, जाडी ११ मिमी. कपाटाच्या ऑटो हिंजसाठी सुतार जो ३५ मिमीचा बिट वापरतात, त्यानेच बेअरिंगची खाच पडते. ११ मिमी खोल जायचं आणि उरलेल्या १ मिमीत २५ मिमीचं आरपार भोक पाडायचं, म्हणजे बेअरिंगचा आतला कडा लाकडाला घासत नाही. लेथवाल्याकडे जावं लागलं नाही.

दोन्ही बेअरिंग एका गाडीवर, आणि ती गाडी ड्रॉवरच्या १० इंची टेलिस्कोपिक चॅनेलच्या जोडीवर पुढे-मागे. योक एकूण १५० मिमी सरकतो.

चॅनेलमध्ये एक अडचण लपलेली होती. ड्रॉवर बंद राहावा म्हणून चॅनेलच्या टोकाला रबराची पकड असते. योक पूर्ण पुढे गेला की तिथे अडकतो आणि झटक्याने सुटतो. उतरताना फ्लेअरच्या वेळी (चाकं टेकण्याआधी नाक हलकेच उचलताना) हा झटका बसला की संपलंच. रबर पक्कडीने उपटलं, शिवाय चॅनेलचा मधला भागच वापरात येईल असे थांबे लावले.

२९ जून : एलिव्हेटरचा पॉट

सरळ रेषेतली हालचाल पॉटच्या फिरण्यात बदलायची आहे. पॉट साधारण २७० अंश फिरतो. त्यातले २४० अंश वापरायचे, म्हणजे दोन्ही टोकांना पॉट तुटेपर्यंत जाणार नाही. १५० मिमीला २४० अंश, म्हणजे चाकाचा घेर २२५ मिमी, व्यास ७२ मिमी. प्लायचं चाक कापलं, कडेला खाच घातली आणि मासे पकडायची तंगूस दीड वेढा देऊन दोन्ही टोकं पेटीला ताणून बांधली. पॉट गाडीवर, दोरी स्थिर.

पहिल्या तासाभरातच मध्य सरकला. समपातळीत उडणारं विमान हळूहळू नाक खाली करायला लागलं आणि शंका खेळाच्या ट्रिमवर (योक न धरताही नाक जागेवर राहावं म्हणून करायचं समायोजन) गेली. प्रत्यक्षात तंगूस चाकावरून किंचित घसरत होती. चाकाच्या खाचेत एक लहान स्क्रू बसवून तंगूस त्याला एक गाठ मारून अडकवली, घसरणं बंद. ही गाठ पहिल्या दिवशीच मारा.

६ जुलै : वायरिंग, आणि मेलेले दोन अक्ष

जोडणी अशी. पहिला जॉयस्टिक: आडवा अक्ष पिन ३, उभा अक्ष पिन ६, बटणं २ आणि ७. दुसरा: आडवा ११, उभा १३, बटणं १० आणि १४. ग्राउंड ४ आणि ५. पाच व्होल्ट १, ८, ९. बटणाची एक बाजू त्याच्या पिनला, दुसरी ग्राउंडला, मध्ये काही नको.

जुन्या आकृत्यांमध्ये पिन १५ ला पाच व्होल्ट आणि पिन १२ ला ग्राउंड दाखवलेलं असतं. मूळ आयबीएम कार्डावर ते खरं होतं. साउंड कार्डांनी याच दोन पिना मिडीसाठी (संगीत वाद्यांची जोडणी) घेतल्या. दुसऱ्या जॉयस्टिकचे पाच व्होल्ट १५ वरून घेतले होते, त्यामुळे थ्रॉटल आणि रडर दोन्ही मुके. वायर पिन ९ वर नेली, दोन्ही जिवंत झाले. यात एक संध्याकाळ गेली.

तरीही आकडे उड्या मारत होते, चारही अक्षांवर. कारण वेगळंच निघालं. हार्ड डिस्क आणि फ्लॉपी सांभाळणाऱ्या मल्टी आय-ओ कार्डावरही एक गेमपोर्ट असतो. तो आणि साउंड कार्डाचा, दोघेही २०१ हेक्स या एकाच पत्त्यावर उत्तर देत होते. मल्टी आय-ओ कार्डावरचा गेमचा जंपर काढला. जुनं मशीन असेल तर हे सगळ्यात आधी तपासा, पॉट बदलत बसू नका.

१३ जुलै : कपॅसिटरची चूक

योक मध्यावर असताना थोडी थरथर उरली होती. आर्डुइनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) वापरायच्या सवयीने मधली पिन आणि ग्राउंड यांच्यात ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. थरथर थांबली, पण योक अर्ध्यावर असतानाच विमान पूर्ण एलरॉनवर गेलं.

सूत्राकडे पाहिलं की उमगतं. कार्डाचा कपॅसिटर ०.०१ चा, आपण आणखी ०.०१ जोडला, भरण्याचा वेळ दुप्पट झाला. ५० किलोओहमचा मध्य पोर्टला १०० किलोओहमचं टोक वाटायला लागला. गेमपोर्टच्या अक्षावर कपॅसिटर लावू नये, कितीही लहान असो. थरथरीवर खरा उपाय दोन: पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून दांडा वीसेक वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवणे, आणि बटणांच्या वायरी अक्षांच्या वायरींपासून वेगळ्या नेणे.

२० जुलै : पेडल

जमिनीवर मध्ये खुंटी असलेली आडवी पट्टी, दोन्ही टोकांना बिजागरीवर पाय ठेवायच्या फळ्या. डावा पाय पुढे ढकलला की विमानाचं नाक डावीकडे. सायकलच्या हँडलच्या हे उलट आहे. पहिले दोन दिवस पाय चुकतात, पण जोडणी उलटी करू नका.

खुंटी इकडे-तिकडे २० अंश, एकूण ४० अंश फिरते. १०० किलोओहमचा पॉट थेट लावला तर १०० × ४० ÷ २७०, म्हणजे जेमतेम १५ किलोओहमचा पट्टा. कॅलिब्रेशन (खेळाला अक्षाची टोकं आणि मध्य दाखवून देणं) तो ताणून पूर्ण रडरवर बसवतं, पण सोबत थरथरही तितकीच ताणली जाते. धावपट्टीवर विमान दारू प्यायल्यासारखं चालत होतं.

गिअर किंवा मोठं चाक लावायची गरज पडली नाही. त्या जागी ४७० किलोओहमचा लिनियर पॉट लावला. त्याचा एक अंश साधारण १.७४ किलोओहमचा, ४० अंशांना ७० किलोओहम. पॉट असा घट्ट करायचा की पेडल मध्यावर असताना मल्टिमीटर ५० किलोओहम दाखवेल. मग पट्टा १५ ते ८५ किलोओहममध्ये राहतो. पॉटचा उरलेला भाग कधीच वापरात येत नाही. पण पेडलला पक्के थांबे हवेतच. पाय जोरात पडून पॉट १५० किलोओहमपर्यंत गेला तर पोर्टचं वाचन कोलमडतं. या एका बदलाने जितका फरक पडला तितका दुसऱ्या कशानेच पडला नाही.

एलरॉनला हे लागलं नाही. योक दोन्ही बाजूंना ८० अंश वळतो, १०० किलोओहमच्या पॉटवर साधारण ५९ किलोओहम मिळतात, तेवढे पुरतात.

थ्रॉटलला ६० मिमीचा सरकता पॉट, बी १००के, पुढे लाकडी मूठ. त्यावर सांगण्यासारखं काही घडलं नाही.

२७ जुलै : पावसाने प्लाय फुगला

सलग आठवडाभर पाऊस. गाडी एका बाजूला घासायला लागली, योक मध्यावर परत येईना. कमर्शियल प्लाय, कडा उघड्या, दमट हवा, दुसरं काय होणार. सगळं सोडवून कडा घासल्या, वॉर्निशचे तीन हात दिले, चॅनेल बसवताना एका बाजूला १ मिमीची फट ठेवली. तीन दिवस वाळण्यात गेले. पेटी जोडण्याआधी वॉर्निश केलं असतं तर तासाभराचं काम होतं.

३ ऑगस्ट : स्प्रिंग आणि ट्रिम

मध्यावर आणायला आधी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या लावल्या होत्या. आठवड्यात त्या सैल पडल्या. आता समोरासमोर ओढणाऱ्या दोन पोलादी स्प्रिंगा. दोन्ही मध्यावर असतानाही ताणलेल्या हव्यात. एक जरी तिथे सैल पडली तर मध्याभोवती मेलेला पट्टा तयार होतो, आणि समपातळीतलं उड्डाण नेमकं त्याच पट्ट्यात होतं.

खरेपणाचा मोठा प्रश्न इथे आला. खऱ्या सेसनात ट्रिमचं चाक फिरवलं की योकची निवांत जागाच बदलते. वैमानिक नाक हव्या त्या ठिकाणी धरतो आणि हातावरचा जोर नाहीसा होईपर्यंत चाक फिरवतो. घरच्या योकमध्ये स्प्रिंग नेहमी एकाच मध्यावर ओढते. खेळातला ट्रिम वापरला तर योक हळूहळू सोडत मध्यावर आणायचा आणि त्याच वेळी ट्रिमची कळ दाबायची, अशी कसरत होते. ही कसरत कुठलाही वैमानिक विमानात करत नाही.

म्हणून खेळाचा ट्रिम मध्यावर सोडून दिला आणि स्प्रिंगांचा आधारच हलता केला. एम८ चा आटे पाडलेला रॉड, त्यावर ९० मिमीचं प्लायचं चाक. एका फेऱ्यात १.२५ मिमी, २० मिमी सरकायला १६ फेरे. पहिल्या प्रयत्नात एकाच स्प्रिंगचा आधार हलवला. त्याने योकचा मध्य निम्माच सरकला, १० मिमी, आणि योक जड होत गेला. दोन्ही आधार एकाच चौकटीवर घेऊन चौकट सरकवली तेव्हा मध्य पूर्ण २० मिमी सरकला आणि जोर तसाच राहिला. चाक उजव्या गुडघ्याजवळ बसवलं. चढाई संपवून समपातळीत येताना हात आपोआप त्याच्याकडे जातो. दोन्ही ट्रिम एकत्र वापरू नका, मग कशामुळे नाक हलतंय ते कळत नाही.

१० ऑगस्ट : खेळातली मांडणी

ऑटो कोऑर्डिनेशन बंद. ते चालू असेल तर एलरॉनसोबत रडर आपोआप हलतो आणि पेडल निरुपयोगी ठरतात. नियंत्रणाचा खरेपणा पूर्ण. जायरो ड्रिफ्ट चालू: हेडिंग इंडिकेटर (दिशा दाखवणारं जायरोचं यंत्र) हळूहळू चुकत जातो, दर १५ मिनिटांनी सरळ उडताना ‘डी’ दाबून होकायंत्राशी जुळवायचा, खऱ्या विमानात करतात तसाच.

दृश्याचा तपशील मात्र कमी केला, आणि हे मुद्दाम सांगतो. चित्र सेकंदाला ८ वेळा बदलत असेल तर केलेल्या हालचालीचं उत्तर १२५ मिलिसेकंदांनी दिसतं. तोवर हात आणखी ओढतो, मग उलट ढकलतो, आणि विमान वर-खाली झुलायला लागतं. लोक याला ‘फ्लाइट मॉडेल वाईट’ म्हणतात. इमारती आणि ढग कमी करून चित्र वेगवान केलं की तेच विमान हातात येतं. शिकागोच्या सुंदर इमारती आणि स्थिर अप्रोच (उतरण्यासाठी धावपट्टीकडे येणं) यांत निवड असेल तर अप्रोच घ्या.

टर्बोचं (मशीनचा वेग बदलणारं) बटण एकदा ठरवलं की हलवू नका. बहुतेक डॉस खेळ गेमपोर्टचा वेळ सीपीयूच्या फेऱ्यांनी मोजतात. मशीनचा वेग बदलला की कॅलिब्रेशन गेलंच.

१७ ऑगस्ट : चाचण्या

शिकागोचा मेग्स फील्ड विमानतळ, धावपट्टी ३६, वारा शून्य. (मार्च २००३ मध्ये ही धावपट्टी रातोरात उखडली गेली, आजच्या नकाशांत शोधू नका. रेडिओ फ्रिक्वेन्सीही खेळासोबतच्या नकाशांतूनच घ्या.)

पहिली चाचणी, वळण. १२० नॉट, टर्न कोऑर्डिनेटर (वळण्याचा वेग दाखवणारं यंत्र) खुणेवर, त्यातला बॉल मध्ये, म्हणजे विमान बाजूला घसरत नाही. सेकंदाला ३ अंशांनी पूर्ण फेरीला २ मिनिटं लागायला हवीत, आणि गणिताने बँक (विमानाचा बाजूचा कल) साधारण १८ अंश. जुन्या काडीवर बँक धरून ठेवता येत नव्हती, वेळ कधी पावणेदोन, कधी सव्वादोन मिनिटं. योक आणि पेडलवर फरक एक-दोन सेकंदांचा. खेळ तोच, फक्त हातातली वस्तू बदलली.

दुसरी, स्टॉल (पंखांची उचल तुटणं). १९७८ पासूनच्या खऱ्या आर१८२ चे, म्हणजे याच सेसना १८२ आरजीचे, पुस्तकातले आकडे: फ्लॅप (पंखामागच्या, उतरताना खाली करायच्या पट्ट्या) वर असताना ५४ नॉट, पूर्ण खाली असताना ५०, वजन ३,१०० पौंड. ६० अंशांच्या समपातळी वळणात भार दुप्पट होतो, स्टॉलचा वेग १.४१ पट, म्हणजे ७६ नॉट. खेळात वळणात स्टॉलचा इशारा लवकर येतो, दिशा बरोबर आहे. पण स्टॉलनंतर नाक फक्त मऊपणे खाली येतं. रडर पूर्ण दाबून, योक पोटाशी धरून दहा वेळा प्रयत्न केला, एक पंख आधी पडून विमान स्पिनमध्ये (गरगरत खाली पडणं) गेलं नाही. ही उणीव खेळाचीच, योकने भरून निघत नाही. स्टॉलमधून बाहेर पडण्याचा सराव इथे करून खऱ्या विमानात त्यावर विसंबू नये.

तिसरी, लँडिंग. दहापैकी सात मधल्या रेषेवर, आधी दोन. फरक पेडलचा.

२४ ऑगस्ट : खर्च आणि जुनं मशीन नसणाऱ्यांसाठी

प्लाय ५२०, बेअरिंग २२०, बार १५०, चॅनेल २६०, स्प्रिंगा १८०, पॉट सगळे मिळून २१०, कनेक्टर ९०, केबल १२०, रॉड आणि नट ९०, बटणं ६०, बिजागऱ्या-स्क्रू-वॉर्निश ३४०. एकूण २,२४० रुपये. चुकीच्या वस्तूंचे १६० वेगळे. वेळ साधारण ५५ तास, त्यातले वीसेक चुका निस्तरण्यात.

डॉसबॉक्सवर (आजच्या संगणकावर डॉसचे खेळ चालवणारा प्रोग्राम) उडवणाऱ्यांनी हाच सांगाडा प्रो मायक्रो या आर्डुइनोसारख्या यूएसबी बोर्डावर घ्यावा, पण वायरिंग बदलून. तिथे व्होल्टेज मोजलं जातं, म्हणून पॉटच्या तिन्ही पिना लागतात: एक टोक ५ व्होल्ट, दुसरं ग्राउंड, मधली पिन बोर्डाला. ४७० किलोओहमचा पॉट तिथे चालत नाही. त्या चिपला १० किलोओहमपर्यंतचा स्रोत मानवतो. १० किलोओहमचा पॉट आणि पेडलला दातेरी चाक लावा. गेमपोर्टवर सगळं बिघडवणारा तो कपॅसिटर इथे मात्र उपयोगी पडतो, मधल्या पिनेवर जरूर लावा. डॉसबॉक्समध्ये अक्ष आपोआप सरकत असेल तर जॉयस्टिकच्या विभागातली ‘टाइम्ड’ ही सेटिंग बंद करून पाहा, आणि सायकल्स (नकली प्रोसेसरचा वेग) ‘मॅक्स’वर न ठेवता एका आकड्यावर बांधा.

१४ सप्टेंबर : तीन आठवड्यांनंतर

पेडलच्या पॉटचा नट सैल झाला होता, मध्य ५० वरून ५८ किलोओहमवर. खाली स्टार वॉशर घातला. तंगूसची गाठ शाबूत. एलरॉनच्या पॉटला एकदा कॉन्टॅक्ट क्लीनर मारला. ट्रिमच्या रॉडला ग्रीस हवं, तेल उडून जातं.